वरचा सा



चार तारांच्या बास गिटारची सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे 41 वेळा कंप पावते. तोच स्वर एक सप्तक चढवायचा तर 82 कंप हवेत. साताऱ्यात आमच्या युनियनच्या कचेरीत दोन तरुण कामगारांनी त्यासाठी एक पेटी जुळवली. सोल्डरिंगची कांडी आम्ही धरली. ट्रान्झिस्टर लाटेच्या दोन उलटसुलट प्रती करतो. दोन जर्मेनियम डायोड प्रत्येकीचा वरचा अर्धाच पुढे सोडतात. एका उंचवट्याचे दोन होतात, स्वर दुप्पट चढतो.

पहिल्या रात्री पेटी नुसती गुरगुरली. डायोडांची जोडी जमत नव्हती, म्हणून मूळचा स्वरच मधून डोकावत होता. संपात एकजण कामावर गेला की होते, तसेच! मापून जोडी लावली. तरी दोन तारा एकदम छेडल्या की कल्लोळच. एकच तार, तीही वरच्या पडद्यांवर, तेव्हा सा लख्ख.

मग पोरांना मिरजेला नेले. तिथल्या सतार-तंबोऱ्याला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळाले. कारागिराने घोडीवर तारेखाली सुताचा धागा सरकवला, जवारी खुलली. आमचे डायोड नसलेला स्वर घडवतात. धागा असलेलाच जागवतो.

त्यांनी आमची पेटीही ऐकली. घोडी घासता घासता म्हणाले, "जोडी मापलीत, ते बरे केलेत."