बॅच क्रमांकाचा माग

पेडण्यात तुये येथे आणि डिचोलीत औद्योगिक वसाहती आल्या, गोदामातली चोपडी संगणकात गेली. १९७० साली एडगर कॉड यांनी मांडलेली तक्त्यांची रचना तिथे आजही राबते. एका कारखान्यात मात्र सदोष बॅचमधला कच्चा माल शोधायला आम्हांला अख्खी दुपार लागली. तोवर ट्रक दोडामार्ग ओलांडून गेला होता. सगळे नवा सर्व्हर मागू लागले. दोष यंत्राचा नव्हताच. बॅच क्रमांकाच्या रकान्याला अनुक्रमणिका नव्हती, त्यामुळे मालाच्या प्रत्येक नोंदीसाठी उत्पादनाचा अख्खा तक्ता पुन्हा चाळला जाई. अनुक्रमणिका असली की कोटभर ओळींतूनही तीन-चार पायऱ्यांत हवी ती ओळ सापडते. पण म्हणून सरसकट सगळ्या रकान्यांना ती देऊ नये. नवी नोंद करताना प्रत्येक अनुक्रमणिका पुन्हा जुळवावी लागते, आणि पाळी बदलताना नोंदींची रीघच लागते.