लग्नाचा खर्च आणि लग्नाच्या याद्या

(महोत्सवी वर्षानिमित्त विद्यानगर येथे दिलेले भाषण)



या व्याख्यानमालेत माझ्या आधीच्या वक्त्यांच्या वाट्याला शिक्षण, आरोग्य, मराठी भाषेचे भवितव्य असे भारदस्त विषय आले आणि मजकडे लग्नाचा खर्च आला. चिटणीसांनी विषय सांगितला तोही थोडे हसूनच. मी मात्र तो आनंदाने पत्करला. कारण आपल्या निधीकडे मदतीसाठी येणारे अर्ज वाचण्याचे काम काही वर्षे मजकडे आहे. अर्जात 'मुलाची कॉलेजची फी' असे लिहिलेले असते, 'शस्त्रक्रिया' असे लिहिलेले असते. अर्जदार समोर बसला, चहा झाला, चार प्रश्न विचारले, की हळूहळू कळते की फीचे पैसे घरात होते. ते दोन वर्षांपूर्वी थोरल्या मुलीच्या लग्नात गेले. थोरलीच्या वरातीची किंमत धाकट्याच्या वह्यापुस्तकांतून वसूल होते. म्हणून हा विषय हसण्यावारी नेण्यासारखा नाही.

लग्न थाटात होऊ नये असे सांगावयास मी उभा राहिलेलो नाही. तसे सांगणाऱ्याला आपण टाळ्या देतो आणि घरी जाऊन बॅण्डवाल्याला इसार देतो! लग्न आठवणीत राहावे ही इच्छा गैर नाही. प्रश्न एवढाच, की आठवणीत काय राहते, आणि पैसा कशावर जातो.

काटकसरीच्या लग्नाची परंपरा आपल्यात नाही असे कोणी म्हणू नये. सत्यशोधक समाजाची स्थापना २४ सप्टेंबर १८७३ रोजी झाली आणि तीन महिने होतात न होतात तोच, २५ डिसेंबरला, पुण्यात त्या पद्धतीचा पहिला विवाह लागला. सावित्रीबाई फुले यांनी त्यात पुढाकार घेतला होता. पुरोहित नाही, हुंडा नाही. वधूवरांनी शपथा घेतल्या आणि पानसुपारीच्या खर्चात कार्य पार पडले. त्या लग्नाला आज दीडशे वर्षे उलटून गेली. त्याच काळात पुण्यात पुष्कळ हत्तीघोड्यांची लग्ने झाली असतील. त्यांतले एकही आज कोणाला सांगता येत नाही.

पण दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर मी एकांगी ठरेन. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथून सावकारांविरुद्ध दंगे सुरू झाले, त्यांना आपण दख्खनचे दंगे म्हणतो. त्यांच्या चौकशीसाठी सरकारने आयोग नेमला. शेतकरी लग्नकार्यांत पैसे उधळतो म्हणून कर्जात बुडतो, असे तेव्हा सर्रास बोलले जाई. आयोगाने चौकशीअंती काय म्हणावे? लग्नखर्चाला कर्जाचे कारण म्हणून वाजवीपेक्षा फार महत्त्व दिले गेले आहे. ऐपतीच्या मानाने तो खर्च जास्त असतो खरा, पण असे प्रसंग क्वचित येतात, आणि काही वर्षांची गोळाबेरीज केली तर माणसाने आपल्या सुखासाठी एवढे खर्च करणे अवाजवी नाही. मला हे वाचून बरे वाटले. गरिबाच्या घरच्या लाडवांवर बोट ठेवणे फार सोपे असते. बुडवते ते व्याज.

आता व्याजाचाच हिशेब करू. वधूपित्याने बँकेकडून ५ लाख रुपये वैयक्तिक कर्ज घेतले, दर १४ टक्के, मुदत ५ वर्षे असे धरा. मासिक हप्ता सुमारे ११,६०० रुपये येतो आणि पाच वर्षांत जवळजवळ ६ लाख ९८ हजार रुपये भरावे लागतात. म्हणजे सुमारे २ लाख रुपये कोणाच्याही पानात पडत नाहीत, कोणाच्या अंगावर चढत नाहीत, फोटोतही दिसत नाहीत. उलट मुलगी कॉलेजात गेल्यापासून महिना ५,००० रुपये आवर्त ठेवीत टाकले, तर सहा वर्षांत ३ लाख ६० हजार मुद्दल जमते आणि व्याज आपल्या बाजूला येते. लग्न तेवढ्यातच करावयाचे, असे ठरवले की झाले. 'झाले' म्हणणे सोपे आहे, हे मला ठाऊक आहे; पण ठरवावयाचे कधी, हाच खरा मुद्दा आहे.

बाजारात घासाघीस करून लग्न स्वस्त होत नाही. सुलतान बाजारात साडीवाल्याने दोनशे रुपये कमी केले म्हणून आपण खूष होतो, आणि तिकडे पाहुण्यांची संख्या दोनशेने वाढलेली असते. लग्न स्वस्त होते ते याद्यांच्या दिवशी. पूर्वी दोन्हीकडची वडील मंडळी बसत, कागदावर कलमे लिहीत: कोणते कार्य कोणी करावयाचे, पाने किती, मानपान कोणाकोणाचा. खाली दोघांच्या सह्या, मग गूळखोबरे. त्या कागदाचा दुरुपयोगही पुष्कळ झाला. हुंड्याचा आकडा त्यातच चढे. १९६१ च्या हुंडाबंदी कायद्याने हुंडा देणे आणि घेणे दोन्ही गुन्हा ठरवले, तेव्हा तो आकडा कागदावरून गेला, आणि त्याबरोबर कागदही गेला, हे मात्र वाईट झाले. आता सारे 'तुमच्या हौसेप्रमाणे' या दोन शब्दांच्या फासात अडकते. वरपक्ष म्हणतो, आम्हाला काही नको, फक्त कार्य चांगले करून द्या. 'चांगले' म्हणजे काय, हे विचारावयाची वधूपित्याची छाती होत नाही. तो आपल्या मनाने आकडा धरतो, आणि भीतीने धरलेला आकडा नेहमी मोठाच असतो.

म्हणून माझे सांगणे, याद्या पुन्हा करा. हुंड्याच्या नव्हे, खर्चाच्या. दोन्ही घरे मिळून खर्च निम्मा-निम्मा, आणि पहिले कलम पानांचे. जेवणाचा दर माणशी ५०० रुपये धरला तर ६०० पानांचे ३ लाख होतात, २५० पानांचे सव्वा लाख. एवढ्या एका कलमात पावणेदोन लाख वाचतात. इतके ना बॅण्डमध्ये वाचतात, ना फुलांत. २०२० साली करोनाच्या साथीत केंद्र सरकारने लग्नाला ५० पेक्षा जास्त पाहुणे नकोत असा नियम केला होता. त्या वर्षी आपल्या वस्तीतही लग्ने लागली. नाव कोणाला ठेवावयाचे हे ठरवण्यापुरती माणसेच नव्हती, म्हणून कोणी नावे ठेवली नाहीत. आणि त्या जोडप्यांचे संसार इतरांसारखेच चालले आहेत.

आणि आठवणीत राहते काय? अंतरपाट. तो धरावयास एक उपरणे लागते. मामा मुलीला घेऊन येतो, मंगलाष्टकाच्या शेवटच्या कडव्याला सगळ्यांच्या मुठीत अक्षता ओल्या होतात, आत्या सूर सोडून गाते आणि तरीही तिलाच सर्वांत मोठा मान असतो. रुखवतात मावशीने केलेले गव्हल्यांचे ताट, विहिणीच्या पंगतीतले उखाणे, कानपिळीला मेहुण्याने धरलेला हट्ट. यांतल्या कशाची पावती नसते. याउलट संगीत, मेहंदी, वधूवरांचा धुरातून प्रवेश हे आपल्यात अलीकडे आले. १९९४ च्या 'हम आपके हैं कौन' या चित्रपटानंतर ते आले असे म्हणतात. मी चित्रपट दोनदा पाहिला आहे आणि तो मला आवडला, पण तो पाहावयाचा आहे, करून दाखवावयाचा नाही. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही २०२४ साली म्हटले, की हिंदू विवाह हा नाचगाण्याचा आणि खाण्यापिण्याचा कार्यक्रम नव्हे; विधी झाले पाहिजेत. अर्थात विधी करा आणि नोंदणीही करा. आपल्याकडे २००२ च्या कायद्याने ती सक्तीची आहे.

हैदराबादेत राहण्याचा एक फायदा आपण घेत नाही. फंक्शन हॉलचे भाडे मुहूर्ताच्या गर्दीप्रमाणे चढते. तेलुगू मंडळी आषाढ महिना लग्नाला संपूर्ण वर्ज्य मानतात; श्रावणात त्यांची लग्ने जोरात असतात. आपल्या पंचांगांत मात्र आषाढी एकादशीपर्यंतचे मुहूर्त दिलेले असतात, चातुर्मास त्यानंतर लागतो. म्हणजे आषाढ शुद्ध पक्षाचे पहिले आठ-दहा दिवस विद्यानगर, नल्लाकुंटा, रामनगरचे हॉल रिकामे आणि आपला मुहूर्त शुद्ध! पाऊस येईल, हे कबूल. पण हॉलला छप्पर असते. त्या दिवसांत व्यवस्थापक स्वतःहून खुर्ची पुढे करतो आणि भाड्याची बोलणी आपल्या सोयीने होतात. नांदेड, परभणी, लातूरकडच्या पाहुण्यांची सोय मात्र हॉलच्या खोल्यांवर टाकू नका. पूर्वी जानवसघर म्हणजे शेजाऱ्यांचे घर असे. आजही एका इमारतीत चार फ्लॅटवाल्यांनी एकेक खोली दिली तर वऱ्हाड मावते, आणि रात्री दोनपर्यंत गप्पा होतात त्या वेगळ्याच.

मराठी-तेलुगू विवाह आता घरोघर होत आहेत. तेथे दोन्हीकडचे विधी पुरे व्हावेत म्हणून दोन दिवस, दोन हॉल, दोन जेवणे असा थाट मांडला जातो. कायद्याला त्याची गरज नाही. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याच्या सातव्या कलमाप्रमाणे दोहोंपैकी कोणत्याही एका पक्षाच्या रूढीने लागलेले लग्न पुरते. मनालाही तशी गरज नसावी. त्यांच्यातही वधूवरांमध्ये पडदा धरतात, त्याला ते अड्डुतेर म्हणतात. आपला अंतरपाट आणि त्यांचा अड्डुतेर एकाच कापडात निभतो. आपली मंगलाष्टके व्हावीत आणि मुहूर्ताच्या क्षणी त्यांचे जीलकर्र-बेल्लम, म्हणजे जिरेगूळ, एकमेकांच्या माथ्यावर ठेवावे. दोन्ही भटजी दहा मिनिटे आधी बोलले की निभावून नेतात.

आहेराविषयी थोडे बोलले पाहिजे, कारण तेथे आपण उत्तम गोष्ट बिघडवून ठेवली आहे. आहेर ही मुळात गावाची भिशी होती. ज्याच्या घरी कार्य, त्याच्या घरी चार घरांतून धान्य, भांडी, रोख रक्कम येई. वही ठेवली जाई आणि ज्याच्या घरी पुढे कार्य, तिकडे तेवढेच परत जाई. बिनव्याजी कर्ज ते हेच. आता काय होते? मी तुम्हाला साडी देतो, तुम्ही मला शर्टपीस देता, दोघेही ते कपाटात ठेवतो आणि तिसऱ्याच्या लग्नात पुढे ढकलतो. काही साड्या सबंध हैदराबाद फिरून आल्या असतील! परतीचे आहेर आणि मानपानाची वस्त्रे याद्यांतच रद्द करावीत, आणि ज्याला द्यावयाचे आहे त्याने पाकिटात द्यावे, म्हणजे ते कार्याच्या खर्चात पडेल. तेलंगण सरकारची कल्याण लक्ष्मी योजना २ ऑक्टोबर २०१४ पासून सुरू झाली, २०१८ साली तिची रक्कम १,००,११६ रुपये झाली. उत्पन्नाच्या अटीत बसणारी आपली काही घरे संकोचापायी चौकशीही करीत नाहीत. त्यांनी मीसेवा केंद्रात अवश्य जावे. मुलीचे वय अठरा पुरे असले पाहिजे, हे सांगावयास नकोच.

शेवटी निधीविषयी. लग्नासाठी निधीने बिनव्याजी कर्ज द्यावे अशी सूचना गेल्या सभेत आली होती. सूचना करणाऱ्यांच्या हेतूविषयी मला शंका नाही, पण मी तिच्या विरुद्ध मत देणार आहे. पैसा हाती आला की पाने वाढतात. अहिल्यानगर जिल्ह्यातील राळेगणसिद्धी गावाने वेगळा मार्ग धरला. तेथे १९७० च्या दशकापासून सामुदायिक विवाह होऊ लागले, आणि गावच्या तरुण मंडळाने भांडी, मांडव, ध्वनिक्षेपक हे सारे घेऊन ठेवले. स्वयंपाक आणि वाढप मंडळाची मुलेच करीत. खर्च आपोआप उतरला, कोणाच्या हाती नोट न देता.

आपणही तसेच करावे. टेंट हाऊसला आपल्यातला प्रत्येक घरमालक आयुष्यात दोन-तीनदा भाडे देतो. निधीने एकदाच अडीचशे माणसांचे सामान घ्यावे: पातेली, परात, झारे, पाण्याचे पिंप, अडीचशे ताटवाट्या, सतरंज्या, चौरंग, पाट, समया आणि एक स्वच्छ जरीकाठी अंतरपाट. अडीचशेच, अधिक मागितले तर सामान नाही म्हणावे, म्हणजे नातेवाईकांना सांगावयास वधूपित्याला कारणही मिळेल. सामान नेणाऱ्याने घासून, मोजून परत करावे आणि ऐपतीप्रमाणे निधीत काही टाकावे. वाढप्यांसाठी तरुणांची नावे आजच घेता येतील. सामानाची यादी करून मी चिटणीसांकडे दिली आहे. ठेवावयास वाचनालयामागची खोली पुरेल की नाही, एवढे कार्यकारिणीने पाहावे.