आज्ञा आणि विवेक
(शाहूपुरी, कोल्हापूर येथील भाषण)

या करवीरनगरीने पिढ्यान्‌पिढ्या सैन्याला पुत्र दिले. ऑक्टोबर १९४५ मध्ये ब्रिटिशांनी इंडोनेशियातील सुराबाया येथे उतरवलेल्या सैन्यात मराठा पलटणी होत्या. युद्ध परक्या सत्तेचे, रक्त मात्र आपले! फेब्रुवारी १९४६ मध्ये मुंबईच्या नौसैनिकांनी उठाव केला, तेव्हा इंडोनेशियातून भारतीय सैन्य परत आणा, ही त्यांची एक मागणी होती.

त्याच वर्षी न्युरेंबर्गच्या निकालाने सूत्र घालून दिले : आक्रमक युद्धाचा दोष राज्यकर्त्यांवर, साध्या शिपायावर नव्हे, परंतु निःशस्त्रांची हत्या करणाऱ्यास ‘वरून हुकूम होता’ ही सबब तारत नाही. आपला १९५० चा सेना कायदाही आज्ञाभंगाचा गुन्हा ठरवताना आज्ञा कायदेशीर असण्याची अट घालतो.

शिस्त हा सैनिकाचा धर्म. अधर्माची आज्ञा नाकारणे हे त्याच धर्माचे अंग. आणि जवानाला अन्याय्य युद्धात न लोटणे, हे राज्यकर्त्यांचे व त्यांना निवडणाऱ्या समाजाचे कर्तव्य होय.