पूर्णेच्या माहेरचे रान



मानवतच्या शिवारात उभे राहून चहूकडे पाहिले, तर काळी जमीन दिसते. कापूस दिसतो, तूर दिसते. मोठा डोंगर काही दिसत नाही. मग डोंगरातल्या रानाची गोष्ट आम्ही कशाला सांगतो?

पाण्यासाठी सांगतो. आपल्या जिल्ह्यात जिंतूर तालुक्यात येलदरीचे धरण आहे. तिथे पूर्णेचे पाणी अडते. ही पूर्णा निघते अजिंठ्याच्या डोंगरात, कन्नड तालुक्यात. तेच तिचे माहेर.

त्याच डोंगररांगेत गौताळा औट्रमघाट अभयारण्य आहे. अभय म्हणजे भीती नसणे. सरकारने १९८६ साली सुमारे २६० चौरस किलोमीटर रान राखून ठेवले. औट्रम हा इंग्रज अधिकारी होता. इंग्रज गेले, घाटाचे नाव मात्र राहिले!

उन्हाळ्यात तिथला साग उघडाबोडका दिसतो. रान मेले असे वाटते. पण ते मेलेले नसते. पाने गाळून झाड अंगातले पाणी राखते. खाली पाचोळ्याचा थर पडतो. उघड्या बरडावर पाऊस पडला की माती घेऊन पळतो. पाचोळ्यावर पडला की हळूहळू मुरतो. मग झरे पुढे कितीतरी दिवस वाहतात.

मार्च २०२१ मध्ये तिथे वाघ आला. रानात लावलेल्या कॅमेऱ्यात त्याचे फोटो निघाले. तो यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वरहून आला होता. सुमारे ३३० किलोमीटर! वाटेत गावे, शेते, सडका. एवढे ओलांडून त्याने डोंगर गाठला.

आता अडचणीची गोष्ट. नवे गवत फुटावे म्हणून काही जण वाळल्या गवताला आग लावतात. गवत फुटते, हे खरे. पण पाचोळा जळतो, रोपे जळतात, जमिनीवरची अंडी जळतात. गुरे आत घालायलाही मनाई असते. पण दुष्काळात दावण रिकामी पडली, की त्या माणसाला कायदा कोणत्या तोंडाने सांगावा? मनाई डोंगराकाठच्या गावांनी पाळायची, आणि पाणी खाली आपण वापरायचे. हा हिशेब आम्हांला बरोबर वाटत नाही. त्या गावांना चारा आणि रोजगार आधी मिळाला पाहिजे.

पावसाच्या सुरुवातीला येलदरीकडे गेलात, तर पूर्णेच्या पाण्याचा रंग पाहा. त्या गढूळ पाण्यात शेतांची माती असते, डोंगराचीही असते. तीच पुढे गाळ होऊन धरणात बसते.