बैठकीतलं बोलणं सगळ्यांना ऐकू यावं

मी बल्लारपूरहून बोलते आहे. बचत गटांची समन्वयक म्हणून काम करते. आज कर्ज किंवा शेळीपालन हा विषय नाही. बैठकीत शेवटच्या ओळीत बसलेल्या बाईला सगळं ऐकू येतं का, एवढंच विचारायचं आहे.

आमच्या एका गटाची बैठक घरामागच्या अंगणात भरते. तीन बाजूंना सिमेंटच्या गुळगुळीत भिंती, चौथ्या बाजूला पत्र्याचं फाटक, खाली कोबा आणि अर्ध्या अंगणावर टिनाचं छत. गेल्या वर्षी एका मावशींनी कर्ज घेतलं. हप्ता ठरला सातशे. मावशींनी ऐकलं सहाशे. तीन महिन्यांनी हिशोब जुळवला तेव्हा तीनशे रुपये कमी भरले. दंडाची भाषा सुरू झाली, कोणी खोटेपणाचाही आरोप केला. मावशी रडत म्हणाल्या, "ताई, मले त सहाशेच आयकू आलं होतं."

सगळ्या घरी गेल्यावर मी त्या अंगणात टाळी वाजवली. आवाज कितीतरी वेळ झणझणत राहिला. तेव्हा लक्षात आलं, मावशी खोटं बोलत नव्हत्या.

आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. पाच मीटरच्या अंगणात तो समोरासमोरच्या भिंतींवर चेंडूसारखा आपटत राहतो. पहिला शब्द विरायच्या आत दुसरा येतो आणि त्यात मिसळतो. त, स, श, ह असे हलके आवाज आधी पुसले जातात. म्हणून सहाशे आणि सातशे सारखेच वाटतात. वय झालेल्या कानांना तर जास्तच.

यावर उपाय आपल्याच भागात आहे. कडक, गुळगुळीत वस्तू आवाज परत फेकते. मऊ, सच्छिद्र वस्तू तो पिऊन घेते. शेणानं सारवलेल्या घरात, कुडाच्या भिंतीजवळ, तणसाच्या ढिगाशेजारी आवाज घुमत नाही, हे तुम्हीही पाहिलं असेल.

आम्ही काय केलं ते सांगते. जुन्या बारदानाच्या पोत्यात कोरडं तणस भरून चार बोटं जाडीच्या गाद्या शिवल्या. समोरासमोरच्या भिंतींपैकी एकीवर, बसल्यावर कान येतो त्या उंचीला त्या टांगल्या. गादी आणि भिंत यांच्यात चार बोटं जागा मोकळी सोडली. त्या पोकळीमुळे आवाज अधिक शोषला जातो. वरून बांबूचे विरळ तट्टे लावले. घट्ट विणीचा तट्टा लावू नका, आवाज आत शिरायला फटी हव्यात. नुसता तट्टा भिंतीला चिकटवून फारसा फायदा होत नाही. खाली जाड सतरंज्या अंथरल्या. छताच्या कडेला बांबूचा मांडव करून वालाचा वेल चढवला, फाटकाजवळ अडुळसा लावला.

झाडांबद्दल खरं सांगते. पानं आवाज विखुरतात, थोडासाच शोषतात. पानांपेक्षा मोकळी, भुसभुशीत माती जास्त काम करते. म्हणून शक्य असेल तिथं कोबा थोडा फोडून वाफा करा. आणि झाडांची एक रांग लावली म्हणून बल्लारशाह स्टेशनच्या गाडीचा आवाज थांबणार नाही. बाहेरचा आवाज अडवायला फट नसलेली जाड भिंतच लागते. झाडांनी सावली मिळते, उन्हाळ्यात जीव थंड होतो आणि शेंगाही मिळतात, हा वेगळा फायदा.

काळजी काय घ्यायची? तणस पेट घेतं, म्हणून चूल, दिवा, विडी दूर ठेवा. पावसाळ्याआधी गाद्या काढून कोरड्या जागी ठेवा. जमिनीपासून हातभर वर टांगा, म्हणजे वाळवी आणि विंचू-साप यांचं भय कमी. कुंड्यांखाली पाणी साचू देऊ नका, आपल्याकडे मलेरिया आहे. बांबूचं काम शिकायचं असेल, तर चंद्रपूरजवळ चिचपल्लीला बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे. गावात बुरूडकाम करणाऱ्या बाया असतील तर तट्टे त्यांच्याकडूनच घ्या.

धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाचं नाव तुम्ही ऐकलं असेल. २००९ साली त्यांना जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. तिथल्या ग्रामसभेत निर्णय सर्वसहमतीनं होतात. मला वाटतं, सहमती द्यायची तर आधी नीट ऐकू यायला हवं. न ऐकता उमटवलेला अंगठा म्हणजे सहमती नाही.

आमच्या गटानं मावशींचा दंड माफ केला. उरलेले तीनशे त्यांनी तीन हप्त्यांत भरले. आता आमच्याकडे एक नियम आहे: कर्जाचा आकडा वाचून झाला की घेणारी बाई तो स्वतःच्या तोंडानं परत सांगते, मगच सही किंवा अंगठा. ज्यांना कमी ऐकू येतं त्या पुढं बसतात.

पुढच्या बैठकीआधी तुमच्या अंगणात एक टाळी वाजवून बघा. झणझण ऐकू आली, तर दोन पोती आणि थोडं तणस शोधा. सुरुवात तेवढ्यानं होते.