शेअरचा भाव आणि घराचे आढे



दलाल स्ट्रीटच्या आकड्यांशी आपल्या अरण्याचा काय संबंध, असे आता म्हणता येणार नाही. एटापल्ली तालुक्यातील सुरजागडच्या लोहखनिजावर चालणारी कंपनी शेअर बाजारात आहे. चंद्रपूर जिल्ह्यातील घुग्गुस येथे तिचा जुना कारखाना आहे. जानेवारी २०२५ मध्ये कोनसरी येथे कामगारांच्या हाती तिचे समभाग आले. ही आनंदाचीच गोष्ट होय.

परंतु समभाग वधारला की माणूस स्वतःस श्रीमंत मानू लागतो; नफ्यातून भूखंडाचा विसार देतो, उरलेल्यासाठी कर्ज काढतो. आदिवासींच्या जमिनींना महसूल संहितेच्या कलम ३६-अ चे संरक्षण आहे, आणि ते रास्तच आहे. त्यामुळे विक्रीयोग्य भूखंड थोडे. थोड्या भूखंडांमागे पुष्कळ पैसा लागला की भाव चढतात आणि ज्याच्याजवळ एकही समभाग नाही, त्या शिक्षकालाही तोच भाव मोजावा लागतो.

उतरण मात्र निराळी असते. जानेवारी २००८ मध्ये २१ हजारांवर गेलेला सेन्सेक्स ऑक्टोबरात व्यवहारादरम्यान ८ हजारांखाली घसरला. समभाग क्षणात विकता येतो, घर नाही. मालक भाव सोडत नाही, गिऱ्हाईक फिरकत नाही, व्यवहार थिजतात. कर्जाचा हप्ता तेवढा दरमहा दारात उभा राहतो.

म्हणून समभाग अवश्य जपा. पण हप्ता पगाराच्या बेतानेच ठरवा. सागवान पक्व व्हायला पिढी लागते, हे आपणांस सांगायला नको. पंधरवड्यात वाढलेल्या लाकडावर घराचे आढे टेकवू नये.