पंचाची रिकामी जागा कोणी भरायची?



सरपंचाची जागा रिकामी झाली की पुढं काय होतं, हे आपल्या धर्माबादच्या शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. उपसरपंच कारभार बघतो, राज्य निवडणूक आयोग पोटनिवडणूक लावतो आणि गावात पुन्हा पॅनेल उभी राहतात. पण गावचा तंटा सोडवणाऱ्याची जागा रिकामी झाली तर ती कोणी भरायची? आपल्याकडं धुरा कोरला म्हणून, पाणंद अडवली म्हणून, भावकीतल्या वाटणीवरून भांडणं होतात आणि पिढ्या त्यात जातात. म्हणून हा प्रश्न मला जिव्हाळ्याचा वाटतो.

निजामाच्या राज्यात माळीपाटील आणि पोलीसपाटील ही वतनं होती. बाप गेला की मुलगा गादीवर. गावाला कोणी विचारत नव्हतं. 1 नोव्हेंबर 1956 ला मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि 1958 च्या ग्रामपंचायत कायद्यानं न्यायपंचायतीची सोय केली. काही गावांचा मिळून एक गट आणि त्यातल्या प्रत्येक ग्रामपंचायतीनं आपला एक माणूस पंच म्हणून निवडून द्यायचा. बारीकसारीक दावे आणि किरकोळ गुन्हे त्यांनी ऐकायचे. कायदा न शिकलेल्या साध्या माणसाला गावानं न्यायाच्या खुर्चीवर बसवायचं, ही केवढी मोठी गोष्ट होती!

ती टिकली नाही. 1975 साली त्या कायद्यातलं न्यायपंचायतीचं प्रकरणच वगळण्यात आलं. निवडून आलेला पंच आपल्या गटाचं बघतो, हा आक्षेप देशभर घेतला जात होता आणि तो खोटा नव्हता. ज्याच्या मतावर पंच झालो, त्याच्याच विरुद्ध निकाल द्यायचा म्हणजे छातीचं काम. पण दुखणं खरं असलं तरी औषध चुकलं, असं माझं मत आहे. पंच कसा निवडावा, कधी बदलावा, मधेच जागा रिकामी झाली तर ती किती दिवसांत भरावी, हे सुधारता आलं असतं. आपण पंचच काढून टाकला.

बिहारनं तसं केलं नाही. तिथं 2006 च्या पंचायत राज कायद्यानुसार मुखिया कारभार पाहतो, तर सरपंच हा ग्रामकचेरीचा, म्हणजे न्यायाचा प्रमुख असतो. पंच आणि सरपंच दोघंही थेट लोकांच्या मतांनी येतात. ग्रामकचेरीला एक हजार रुपयांपर्यंत दंड करता येतो, कैद देता येत नाही. अमेरिकेत टेक्सासमध्येही खालच्या पातळीचा न्यायाधीश निवडून येतो. त्याची जागा मधेच रिकामी झाली तर जिल्ह्याचं निवडून आलेलं मंडळ पुढच्या सार्वत्रिक निवडणुकीपर्यंत माणूस नेमतं. कोणी भरायची आणि किती काळासाठी, दोन्ही आधीच ठरलेलं.

आपल्याकडं दिवाणी न्यायाधीश लोकसेवा आयोगाच्या परीक्षेतून येतात आणि ते योग्यच आहे. सप्टेंबर 2018 मध्ये याच धर्माबादच्या न्यायालयानं बाभळी बंधाऱ्याविरुद्धच्या आंदोलनाच्या खटल्यात आंध्र प्रदेशाचे तेव्हाचे मुख्यमंत्री चंद्राबाबू नायडू यांच्याविरुद्ध अजामीनपात्र वॉरंट काढलं. मतं मागणाऱ्या माणसाला असं करताना दहा वेळा विचार करावा लागला असता. म्हणून न्यायाधीश निवडून द्यावा, असं मी म्हणणार नाही. पण बदली झालेल्या न्यायाधीशाच्या जागी नवे येईपर्यंत कोणत्याही तालुक्यात काय होतं ते पाहा. चार्ज शेजारच्या न्यायाधीशांकडं जातो. पक्षकार सकाळच्या एसटीनं येतो, दुपारपर्यंत व्हरांड्यात बसतो, कारकून पुढची तारीख सांगतो, आणि तो कागदाची पिशवी काखेत मारून माघारी फिरतो. त्या दिवसाची मजुरी गेली ती गेलीच.

न्यायाच्या खुर्चीजवळ गावालाही जागा देण्याचा एक चांगला मार्ग 1986 साली न्यायमूर्ती डी. ए. देसाई यांच्या विधी आयोगानं सुचवला होता. ग्रामन्यायालयात एक कायदा जाणणारा न्यायाधीश बसावा आणि त्याच्या शेजारी दोन सामान्य नागरिक. 2008 चा ग्रामन्यायालय कायदा 2 ऑक्टोबर 2009 पासून लागू झाला, पण त्या दोन नागरिकांच्या खुर्च्या त्यात नव्हत्या. उच्च न्यायालयाच्या सल्ल्यानं राज्य सरकार नेमेल तो एकटा न्यायाधिकारी. समेट घडवणाऱ्या सामाजिक कार्यकर्त्यांची यादी मात्र कायद्यानं ठेवली, तीही जिल्हा न्यायालयानं करायची.

मग गावाच्या हातात काय उरलं? तंटामुक्त समिती. 15 ऑगस्ट 2007 ला आर. आर. (आबा) पाटलांनी गृहमंत्री असताना महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू केली. समितीचा अध्यक्ष ग्रामसभा ठरवते. त्याला निकाल देण्याचा अधिकार नाही, समजूत घालण्याचा आहे. गंभीर गुन्ह्यात तडजोड करता येत नाही आणि करूही नये. तरीही भांडण कोर्टाची पायरी चढण्याआधी दोन भावांना समोरासमोर बसवणारी, गावानं स्वतः भरायची अशी ही एकच जागा आहे. तंटामुक्त गावाला मिळणाऱ्या सरकारी बक्षिसाच्या ओढीनं ती भरली गेली आणि बक्षिसांचा गाजावाजा ओसरल्यावर अनेक गावांनी तिच्याकडं पाठ फिरवली. ही जागा रिकामी ठेवण्याचा दोष सरकारवर ढकलता येणार नाही.

तेव्हा माझी विनंती एवढीच आहे. तुमच्या गावच्या तंटामुक्त समितीचा अध्यक्ष आज कोण आहे, हे ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना विचारा. उत्तर मिळालं नाही, तर समितीची निवड हा विषय येत्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर घ्या, असा लेखी अर्ज द्या. आणि निवड करताना पॅनेल बघू नका. दोन्ही बाजूंची माणसं ज्याच्या ओट्यावर येऊन बसतील, अशी बाई किंवा असा माणूस निवडा.